मनप्रत

साताऱ्याच्या त्या रुग्णालयात ‘आईला सांगू नका हो’ म्हणून डॉक्टरांच्या विनवण्या करायची गरज आता उरली नव्हती. सांगायचं की नाही, हे मनप्रत ठरवत असे.

डॉ. शमा इनामदारांनी हौसाबाईंच्या मुलाला, सर्जेरावाला, समजावलं. रोज तेच तेच सांगून त्यांचा आवाज पार सपाट झाला होता.

“आईच्या मनगटात इतकी वर्षं कडं आहे ना? त्या काय बोलल्या, कुठे अडखळल्या, कशाला भ्यायल्या, सगळं त्यात साठलंय. त्यावरून संगणक त्यांच्या मनाची नक्कल, म्हणजे मनप्रत, उभी करतो. वाईट बातमी आधी तिला द्यायची. आईला ती ऐकायची आहे का, ते नक्कल सांगते.”

“म्हणजे आईच सांगणार?”

“कायद्यानं, हो.”

मनप्रतीनं ऐकून घेतलं. कर्करोग यकृतात पसरलेला, उपाय नाही. यंत्रातून हुंदके आले. मग हौसाबाईंचाच घोगरा आवाज : “मला नका सांगू, बाई. माझ्यानं सोसायचं नाही.”

सर्जेरावाचा जीव भांड्यात पडला. “मॅडम, हिच्याशी जरा बोलू का?”

त्याला यंत्राच्या खोलीतच सोडून शमाबाई वॉर्डात गेल्या. हौसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या.

“बाई, खरं सांगा. मी बरी व्हायची नाही ना?”

आजारी माणूस भीतीपोटी विचारतो, मनप्रत जन्माच्या स्वभावातून बोलते, असं कायदा मानत होता. शमाबाई म्हणाल्या, “औषध चालू आहे, मावशी. धीर धरा.”

“मी जन्माची भित्री. पण इथं पडल्यापडल्या भीतीच मेली बघा. ह्यांच्या वेळी आम्ही हसून हसून फसवलं त्यांना. शेवटचं कुणी बोललंच नाही. मला कळलं, तर सर्जाला जवळ घेऊन रडून तरी घेईन.”

“सर्जेरावांना पाठवते,” शमाबाई म्हणाल्या. त्या यंत्राच्या खोलीकडे गेल्या. तो खोलीतून बाहेरच येत होता. डोळे सुजलेले, चेहरा मात्र निवलेला.

“सगळं बोलून झालं, मॅडम. वर्ष वर्ष घरी फिरकलो नाही, तेही पोटात घातलं तिनं. दोघं पोटभर रडलो.”

“त्या आत वाट बघतायत तुमची.”

“आत्ता नको. माझं तोंड बघून तिला संशय यायचा.” तो जिना उतरून गेला.

शमाबाई एकट्याच परतल्या.

“येतोय ना सर्जा?” हौसाबाईंनी विचारलं.

“येतील.”

हौसाबाईंनी विस्कटलेले केस हातानं सारखे केले आणि त्या दाराकडे तोंड करून बसल्या.