शेवट सांगू नका हं!

वाचणाऱ्या काकूंचा घसा बसला, आणि साहेबांनी बांधणी खात्यातल्या एका मुलीला उचलून तपासनिसासमोर आणून बसवलं. ब्रेलच्या छापखान्यात काम असंच चालतं. एकाने छापील पुस्तकातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ठिपक्यांवरून बोटं फिरवत चुका पकडायच्या. तपासनीस जन्मापासून अंध, आणि बोलायला महाबिलंदर!

"काय आणलंय आज?"

"शुभवर्तमान. येशूची गोष्ट."

"अरे वा! मी आजवर नुसती गणितं तपासली. शेवट सांगू नका हं!"

घ्या! या गोष्टीचा शेवट माहीत नसलेला माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. ती चर्चच्या पाळकांची लेक, तिला सगळं तोंडपाठ. पण अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ना, तसं झालं होतं बघा. गीतं ओठांवर, मन कोरडं ठणठणीत. हे नाटक आता पुरे, उपासनेला येणार नाही म्हणून बाबांना सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. बाबांचा चेहरा आठवला की मात्र ती ते उद्यावर ढकलायची.

ती वाचायची गाडी सुटल्यासारखी, स्वल्पविराम-पूर्णविरामही मोठ्याने म्हणत. तो मध्येच हात वर करायचा.

"थांबा, थांबा... त्या आंधळ्याला दिसायला लागलं?"

"हो."

"आणि तुम्ही स्वल्पविराम म्हणून पुढे निघालात? धन्य आहे तुमची!"

तिचे कान गरम झाले. मग ती अधूनमधून त्याच्या चेहऱ्याकडे बघत वाचू लागली... आणि ओळी चुकू लागल्या.

"कुठे बघत होतात?"

"भिं... भिंतीकडे."

"नशीबवान हो भिंत!"

दहाव्या दिवशी येशूच्या क्रूसावरच्या मरणाचं पान आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस आला तो उतरलेल्या चेहऱ्याने.

"रात्री घास उतरला नाही घशाखाली. फार चांगला माणूस होता हो..."

इतकी वर्षं ती हे ऐकत आली, एकदाही तिचं जेवण चुकलं नव्हतं. तिने पान उलटलं. येशूच्या कबरीपाशी रडणारी त्याची शिष्या मरिया. मागे कुणीतरी उभं, तिला वाटतं माळीच असेल. पुढे एकच शब्द होता, हजारदा ऐकलेला. पण समोरचा माणूस श्वास रोखून बसला होता, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मरिये—"

उद्गारचिन्ह म्हणायचं राहूनच गेलं.

त्याचं बोट थबकलं. "ही हाक... त्याची? तो जिवंत आहे?"

"हो," ती म्हणाली, "जिवंत आहे!" आणि म्हणता म्हणता तिला रडू आणि हसू एकदमच फुटलं. असा आनंद तिला कधीच झाला नव्हता.

तो ताडकन उठला. "आणि तुम्हाला हे माहीत होतं? एवढी बातमी पोटात ठेवून गप्प कशा बसलात?"

"तुम्हीच म्हणालात, शेवट सांगू नका!"

"असल्या बाबतीत माझं ऐकायचं असतं का!"

खरंच, कशी गप्प बसली होती ती? तिने डोळे पुसले.

"रविवारी याल आमच्याकडे?"

"उपासनेला... की तुमच्यासाठी?"

"दोन्हीसाठी."

त्याने हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

संध्याकाळी बाबा प्रवचन लिहीत बसले होते. ती दारातूनच म्हणाली, "बाबा, तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"बोल की."

"बाबा... तो जिवंत आहे!"

तीस वर्षं गावाला हेच सांगणाऱ्या बाबांनी लेकीच्या तोंडून ते आज पहिल्यांदाच असं ऐकलं. मग चष्मा काढून त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

"आणि बाबा, रविवारी माझ्याशेजारी एक जागा राखून ठेवा."