पेंड कसली?

सकाळी सकाळी एक उंच माणूस धावत रोपवाटिकेत शिरला, आणि रोपवाटिका चालवणारी ती अशी दचकली की तिच्या हातातली पाण्याची नळी थेट त्याच्या छातीवर फिरली. बिचाऱ्याचा पांढरा कोट तोवर कोरडा होता. दुसऱ्या कुणी आकाशपाताळ एक केलं असतं. यानं चष्म्यावरचं पाणीसुद्धा पुसलं नाही. ओली मूठ तिच्यापुढे उघडली. मुठीत तपकिरी भुगा होता.

"पेंड खाल्लीय," तो धापा टाकत म्हणाला.

आता हिच्या जिभेला हाड नाही हे घरचेच सांगायचे. "कुणी? घोड्यानं?"

"कुत्र्यानं."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. दोन गल्ल्या सोडून जनावरांचा दवाखाना उघडलेले नवे डॉक्टर ते हेच. तिचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या मास्तरांच्या ढेकळानं, म्हणजे त्यांच्या त्या गोलमटोल तपकिरी कुत्र्यानं, पहाटे गुलाबाच्या कुंड्यांजवळची खताची पिशवी फाडून निम्मी फस्त केली होती. पिशवीवर हिच्या अक्षरात एकच शब्द होता, पेंड. निंबोळीची असली तर फारसं भ्यायचं कारण नाही, डॉक्टर म्हणाला, पण एरंडीची असली तर ते विष आहे, आणि हातात वेळ थोडा आहे.

"पेंड कसली, तेवढं सांगा."

या रोपवाटिकेत कसली ते कुणी कधी लिहिलंच नव्हतं. आजोबा वासानं ओळखायचे, बाबा वासानं ओळखायचे, हीसुद्धा. पेंड म्हटलं की पेंड, बाकीचं नाक सांगतं, अशी घरची ऐट. पण अहो, मास्तरांना कुठलं आलंय ते नाक? आणि कुत्र्याच्या नाकाला कळतं फक्त खायचं. तिनं त्याची मूठ नाकाशी धरली, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा धरली.

"एरंडी," ती म्हणाली. "हाडांची पूडही आहे. गुलाबांसाठी मीच कालवली होती."

तो आला तसाच उलटपावली धावला. तीही चिखलाच्या पायांनी त्याच्या मागं सुटली.

ढेकूळ टेबलावर आडवा होता. डॉक्टरनं त्याला उलट्या करवल्या, काळं औषध पाजलं, पायाला सलाईन लावलं. पंजे धरायला ही होतीच. मास्तर त्याचा कान कुरवाळत एकच धोशा लावून बसले होते की पिशवी मीच उघडी टाकली, मीच मारलं याला. बायको गेल्यापासून मास्तर घरात बोलायचे ते या ढेकळाशीच. ती गप्प राहिली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिला ते सोसवेना.

"मास्तर, चूक तुमची नाही. पिशवीत काय आहे ते मी लिहिलं नाही. चूक माझी."

मास्तर कान कुरवाळतच राहिले. डॉक्टरचा हात मात्र क्षणभर थांबला, आणि त्यानं ओल्या चष्म्यातून तिच्याकडे असं काही पाहिलं की... जाऊ दे. तीन दिवस काढले तर जगेल, एवढंच तो म्हणाला.

तिनं दुपारपर्यंत झाडून साऱ्या गिऱ्हाइकांना फोन करून पिशव्या उचलून ठेवायला सांगितलं. मग त्या परत आणायच्या होत्या, आणि पत्ते तिच्याकडे नव्हते. तिला घरं ठाऊक होती ती झाडांवरून. डॉक्टरला ठाऊक होती कुत्र्यांवरून. म्हणून दवाखाना बंद झाला की तो तिच्या स्कूटरवर मागं बसायचा. ती म्हणायची, आता लिंबाचं घर. तो म्हणायचा, म्हणजे लंगडी कुत्री. दारोदार ती माफी मागून पिशवीच्या बदल्यात शेणखत द्यायची, तो गोगलगाई मारायच्या गोळ्यासुद्धा कुत्र्यांपासून लांब ठेवा म्हणून बजावायचा, आणि गल्लीतली यच्चयावत कुत्री त्याच्या अंगावर चढलेली असायची. परतताना ती दोन मुठींत दोन तऱ्हेची पेंड घेऊन त्याच्या नाकाशी धरायची आणि परीक्षा घ्यायची. हा ठार नापास.

"डॉक्टर, हे नाक खरं आहे की शोभेचं?"

"पुन्हा एकदा द्या की... हात."

मूठ म्हणायचं होतं, असं त्यानं घाईघाईनं सांगितलं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणखीही एक होतं. सगळी वस्ती तिला ताई म्हणायची, मास्तरसुद्धा. हा एकटाच 'अहो', 'ऐका ना' यावर भागवायचा. तिनं एकदा विचारलंच, तुम्ही ताई का नाही म्हणत? तर स्वारी लालेलाल.

"ते... नाही जमायचं," तो म्हणाला.

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून हसत होती, आणि मधेच ढेकूळ आठवून रडत होती. तो मेला असता तर या हसण्याची तिला जन्मभर लाज वाटली असती.

तिसऱ्या दिवशी ढेकूळ उठला, वजनाच्या काट्यावर भुंकला आणि सबंध वाटी चाटून मोकळा झाला. मास्तर लहान मुलासारखे रडले. मग तिच्याकडे वळले.

"ताई, गुलाबांना काहीतरी दे. आणि काय आहे ते मोठ्या अक्षरात लिही."

पुढच्या रविवारी शेवटची पिशवी हाती आली. तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट जिवाची घालमेल चालली होती. कुत्रा बरा, पिशव्या संपल्या... आता हा कशाला येतोय? तेवढ्यात तो मागून म्हणाला, डावीकडे घ्या. तिनं स्कूटर एका निळ्या फाटकाशी थांबवली. आत झाड नाही, साधी कुंडी नाही.

"इथं मी पिशवी दिलेली नाही."

"माहितीये."

"कुत्रंही दिसत नाही."

"नाहीच आहे."

"मग आहे कोण?"

"आई," तो म्हणाला. "माझी."

तिचे हात हँडलवरच राहिले. तो खाली उतरला, शब्द शोधू लागला. "त्या दिवशी मास्तरांना तुम्ही... गप्प राहता आलं असतं तुम्हाला. नाही राहिलात. तेव्हापासून माझं काही खरं नाही. मला तू आवडतेस."

तू. दोघांनीही ते ऐकलं. तिच्या छातीत असं धडधडायला लागलं की स्कूटर अजून चालूच आहे की काय, असं तिला वाटलं.

"आईंना काय सांगितलंय?"

"एक मुलगी आवडलीय, पण ती बहुतेक नाही म्हणेल."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, नाही म्हणायच्या आधी एकदा घेऊन तरी ये."

ती उतरली, ओढणीला हात पुसले. हातांना पेंडीचा वास येत होता, नखांत माती होती. असू दे, तिनं ठरवलं, हे रोजचंच आहे. त्याला बाजूला सारून तिनं स्वतःच बेल दाबली. आत चपलांचा आवाज दाराकडे यायला लागला.

"मी नाही म्हणणार नाहीये," ती हळूच म्हणाली. "पण ते तुला आधी सांगायचं, की त्यांना?"