वायरचं दुसरं टोक

बसा. पाय जपून ठेवा, तिथे पाईपाचे तुकडे पडलेत. मेन बंद आहे म्हणून मेणबत्ती लावलीय. तुम्ही वीज ऑफिसातून तपासणीला आलात, मीटर लावून सगळं पाहिलंत, वायरिंग ठीक आहे म्हणालात. आता सही करण्याआधी मी मेन चालू करून दाखवावा, एवढंच तुमचं मागणं. तेवढं सोडून काहीही सांगा. का, ते ऐका.

हे माझ्या वहिनीचं घर. ती आणि माझी भाची, दोघीच राहतात. मी वायरिंगची कामं करते, बावीस वर्षं झाली. कामावरचे लोक मला फ्यूजताई म्हणून चिडवतात. काम सुरू करण्याआधी मी फ्यूज उपटून खिशात टाकते आणि काम संपेपर्यंत कुणाच्या बापाला देत नाही, म्हणून.

ही खोड दादामुळे लागली. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, माझा सख्खा भाऊ. काम मी त्याच्याच हाताखाली शिकले. पाईपातून वायर ओढायला दोन माणसं लागतात, दोन टोकांना दोघं, मधे भिंती. ओरडून ऐकू जात नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. वायरला एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे काम झालं, टोक सोड. एकदा एका घरी त्यानं फ्यूज काढून बोर्डावरच ठेवला. घरमालकाला उकडत होतं, त्यानं तो परत बसवला. भिंतीच्या अलीकडे मी टोक धरून दोन हिसक्यांची वाट बघत होते. चांगली पाच मिनिटं बघत होते. ती पाच मिनिटं माझ्यासाठी अजून संपलेली नाहीत.

तेव्हापासून वहिनीनं मनाशी गाठ बांधली, की या घरातल्या वायरला घरच्या माणसानं हात लावायचा नाही. म्हणून मागच्या महिन्यात सगळं वायरिंग बदलायचं काम तिनं मला न सांगता एका ठेकेदाराला दिलं. मला फोन आला तो थेट भाचीला शॉक लागल्यावर. बाथरूमचा नळ सोडला आणि पोर कोपऱ्यात फेकली गेली. उजव्या हाताची दोन बोटं तिची अजून नीट वळत नाहीत. ठेकेदार म्हणाला, "ओल्या हातानं धरला असेल नळ." कोरड्या हातानं नळ कोण धरतं हो?

मी वहिनीला म्हटलं, "तुम्ही दोघी शेजारी राहा. सगळं उपसून नव्यानं घातल्याशिवाय मी इथून हलत नाही."

ती एवढंच म्हणाली, "फ्यूज..."

"खिशात आहे."

भर दुपारी सुरुवात केली. स्वयंपाकघराला खिडकी नाही, म्हणून बॅटरी लावून बसले आणि बोर्ड उघडला. वरून कीर्तन, आतून तमाशा. बाहेर चकाचक बटणं आणि आत अर्थिंगची हिरवी वायर वीतभर लांब, कशालाच न जोडलेली. नुसती दाखवायला. माझं डोकं फिरलं. बाथरूमकडे जाणारी वायर धरून ओढायला लागले. थोडी आली आणि अडली. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "ढील दे."

वायर सैल झाली. पलीकडून कुणी जपून सोडावी तशी येत राहिली. मग हाताला दोन हिसके बसले.

बाथरूमला शॉकच्या दिवसापासून बाहेरून कडी होती. जाऊन उघडलं. आत कुणी नव्हतं. जळक्या प्लॅस्टिकचा वास होता, आणि त्याच्यात मिसळलेला दुसरा, रबरी हातमोज्यात मुरलेल्या घामाचा. तो वास मी ओळखते. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भाचीची ती बोटं डोळ्यांपुढे आली. परत येऊन बसले आणि ओढायला लागले.

आठ-दहा हात वायर आल्यावर एक जोड बाहेर निघाला. दोन तारा नुसत्या पिळलेल्या, वर जखमेला लावायची चिकटपट्टी. तोडायला पक्कड जवळ नेली, तेवढ्यात एक हिसका बसला. इतका जोराचा, की पक्कड हातातून पडली. फ्यूज माझ्या खिशात, बोर्ड मी आधीच तपासलेला. तरी त्या जोडाला टेस्टर लावला... आणि टेस्टर पेटला.

फ्यूज सारखा उडतो म्हणून ठेकेदारानं बाथरूममधल्या गीझरची लाईन मेनच्या आधीच, परस्पर मीटरपासून जोडून घेतली होती. तुमच्या लाईनमननं येऊन ती तोडली, हे तुमच्या कागदात असेलच. बावीस वर्षं खिशाच्या भरवशावर राहिले, आणि त्या दिवशी खिसा काही कामाचा नव्हता.

मग चार दिवस राबून सगळ्या पाईपांतून नवी वायर घातली. एकटीनं, असं लोक म्हणतात. पलीकडचं टोक धरायला कुणाला हाक मारावी लागली नाही, एवढं खरं.

काल शेवटची, अर्थिंगची हिरवी वायर घातली. तिची दोन्ही टोकं हिसक्यांसाठी मी मोकळी ठेवलीत, मेन चालू करण्याआधी जोडायची. रिवाजाप्रमाणे तीन हिसके दिले. म्हटलं, "झालं, दादा. सोड आता." मला रडू येत होतं. मग पलीकडून एक हिसका आला.

थांब.

मी सगळे बोर्ड पुन्हा उघडले. एकेक जोड बोटानं चाचपला. चूक सापडली नाही. आज सकाळी तीन हिसके दिले, दुपारी दिले. उत्तर तेच. वहिनी म्हणते मनाचे खेळ आहेत. असतील. पण भाची उद्या परत येणार आहे, त्याच नळाखाली हात धुणार आहे.

तुमच्या मीटरला दोष दिसत नाही ना? मग हिरव्या वायरचं हे टोक धरा. दुसरं टोक बाथरूममध्ये आहे, आणि ते रिकामं बघून तुम्हीच मघाशी कडी लावलीत. द्या तीन हिसके. हळू दिले तरी चालतात. आता थांबा जरा...

हात का काढलात?

एकच होता ना?

मग बसा. मेणबत्ती अजून पुष्कळ आहे. काय राहिलंय ते शोधू. तोवर फ्यूज खिशातून निघणार नाही.