काळ्या स्पंजाचा सूड

"आणखी खोल खण! नाहीतर मांजर उकरेल!" धनश्री ओरडली.

योगेशने खुरपं पुन्हा मातीत हाणलं. राहात्यातल्या धनश्रीच्या घरामागे, सीताफळीच्या झाडाखाली, मेलेल्या माशांसाठी खणलेला हा दुसरा खड्डा होता. उन्हाळ्याची सुट्टी आत्ता कुठे सुरू झालेली, आणि टाकीतले मासे दोनदा सफाचट! वाढदिवसाला बाबांनी घेऊन दिलेली काचेची नवी टाकी ओसरीवर रिकामी पडली होती.

"मी त्या छगनशेठला सोडणार नाही," धनश्री म्हणाली. तिने खड्ड्यात माती लोटली आणि वर जोरात पाय आपटला. "बघच तू!"

"अगं, पण झालं काय ते तर सांग," रोहिणी म्हणाली. रोहिणी ही तिची आतेबहीण, आजच बेलापूरहून सुट्टीला आलेली. वयाने एका वर्षाने मोठी, पण थाट दहा वर्षांनी मोठी असल्याचा! योगेश शेजारचा, धनश्रीच्याच वर्गातला. तोंड बंद ठेवणं त्याला जन्मात जमलेलं नव्हतं, म्हणून सगळी हकिगत त्यानेच सांगितली.

छगनशेठचं माशांचं दुकान बाजारपेठेत होतं. टाकी तिथलीच, मासेही तिथलेच. "पाणी भर, मासे सोड, झालं काम!" असं त्याने सांगितलं होतं. आठवड्याच्या आत सगळे मासे उलटे तरंगायला लागले. धनश्री पुन्हा गेली, तर म्हणाला, "टाकी घाण ठेवली असशील! फिल्टरचा स्पंज दर रविवारी साबणाच्या पावडरने घासायचा, नळाखाली खळखळून धुवायचा आणि कडक उन्हात वाळवायचा!" धनश्रीने बिचारीने घासघास घासला. नवे मासेही मेले. आज सकाळी ती जाब विचारायला गेली, तेव्हा भरल्या दुकानात तो काय म्हणाला माहितीये?

"'आमचे मासे एक नंबर असतात. काही काही पोरींचा हातच मारका असतो!'" योगेशने पोट पुढे काढून छगनशेठची नक्कल केली. "सगळे फिदीफिदी हसले. मी सोडून."

"तूसुद्धा हसलास!"

"थोडासाच. घाबरून!"

नुसतं हसण्यावर भागलं असतं तरी धनश्रीने गिळलं असतं. पण दुपारपर्यंत ही बातमी आळीभर झाली. पलीकडच्या झुंबरबाई कैरीच्या फोडींना मीठ लावत बसल्या होत्या. दरवर्षी बरणी भरायला धनश्रीच जायची. आज ती जवळ गेली तशी त्यांनी परातच मागे ओढली. "तू लांबच ऱ्हा बाई. वरीसभराचं लोनचं हाय. बुरशी धरली म्हंजी?"

धनश्री तशीच घरी आली होती. तिला रडू आलं होतं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला होता. माशांचं वाईट कुणालाच वाटलं नव्हतं, तिच्या हाताचीच चर्चा!

"भर बाजारात खाली मान घालायला लावते की नाही बघ त्याला," ती म्हणाली. "अख्ख्या गावादेखत!"

"मला एक कळत नाही," रोहिणी भुवया आवळून म्हणाली. "मासे त्याचेच. नळाचं पाणीही गावात सगळीकडे तेच. मग त्याच्याकडे जगतात आणि तुझ्याकडे मरतात, असं कसं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हेरगिरी!" योगेश किंचाळला.

"हळू बोल रे! हेर असा बोंबलतो का कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं दुकानामागच्या बोळात, रिकाम्या कॅरेटांच्या थप्पीआड जाऊन बसले. उकाड्यामुळे मागचं दार सताड उघडं होतं. छगनशेठ बाह्या वर करून टाक्या साफ करत होता. त्याने मोठ्या टाकीचा फिल्टर उघडला, आतून स्पंज काढला आणि धनश्रीचे डोळेच विस्फारले. स्पंज चुलीजवळच्या पोतेऱ्यासारखा काळाकुट्ट होता!

छगनशेठने त्याच टाकीतलं थोडं पाणी बादलीत काढलं, स्पंज त्यात अलगद दोनदा दाबला, आणि तसाच काळा स्पंज परत फिल्टरमध्ये बसवला. साबण नाही, नळ नाही, ऊनही नाही!

"आणि मला म्हणतो घास!" धनश्री उठायलाच निघाली. रोहिणीने तिला वेणीला धरून खाली बसवलं.

त्यांनी विज्ञानाच्या वाकचौरे सरांना फोन लावला. सर सुट्टीत अकोले तालुक्यातल्या आपल्या गावी गेले होते आणि तिथे रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. शेवटी एकदाचा लागला. "बोला, मी टेकाडावर उभा आहे, पटकन बोला!" सर म्हणाले. रोहिणीने सगळं सांगितलं, तसे ते हसले.

"अरे, मासे पाण्यातच खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो. ते विषच! ते संपवणारे जिवाणू त्या काळ्या स्पंजात राहतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच बरं का! मग दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते माशांना बरंचसं सोसतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच. त्यांना वाढायला कितीतरी आठवडे लागतात."

"आणि साबणाने धुतलं तर?" योगेशने विचारलं.

"साबणाने तर मरतातच! नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्यांना मारतं. आणि उन्हात वाळवलं तर काय उरणार? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

 फोन बंद झाला तशी धनश्री उसळली.

"त्याला माहीत होतं. मासे मेले की गिऱ्हाईक परत येतं, म्हणून साबण! आणि वर मारका हात म्हणे!"

"चला, आत्ताच्या आत्ता दुकानासमोर जाऊन ओरडू!" योगेश म्हणाला.

"ओरडलो तर तो उलट मलाच वेड्यात काढेल. आपल्या बोलण्याला कोण विचारतो? हे त्याच्याच तोंडून बाहेर पडलं पाहिजे. पण त्याआधी माझी टाकी तयार झाली पाहिजे. परत कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको."

मग सुरू झालं वाट बघणं! नळाचं पाणी टबात भरून अंगणात उघड्यावर ठेवलं, क्लोरीन उडून जाऊ दिलं, आणि मगच टाकीत ओतलं. फिल्टर रात्रंदिवस चालू. मासा एकही नाही, पण माशांचं खाणं मात्र रोज चिमूटभर पाण्यात पडायचं. ते कुजलं की अमोनिया होणार, आणि अमोनिया असला की जिवाणू वाढणार!

झुंबरबाईंनी कुंपणावरून हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! पान्यालाच जेवाया घालतीया ही पोरगी! आता डोकं बी गेलं म्हनायचं!"

धनश्रीने दात आवळून ऐकून घेतलं. टाकीतलं पाणी गढूळ झालं, वास मारायला लागलं, आईने नाक मुरडलं. सरांनी गावाहून आल्यावर तपासणीच्या औषधाच्या बाटल्या दिल्या होत्या. छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की ते हिरवंगार व्हायचं. हिरवं म्हणजे अमोनिया, पिवळं म्हणजे अमोनिया संपला! योगेश तर "मला रात्री स्वप्नातही हिरवंच दिसतं!" असं म्हणायला लागला. पण एका सकाळी पाणी पिवळं झालं ते पिवळंच राहिलं. आणखी बऱ्याच दिवसांनी नायट्राइटच्या तपासणीतला रंगही दिसेनासा झाला. ओसरीवरचा पांढरा स्पंज तोपर्यंत चांगला तपकिरी पडला होता.

"टाकी तयार!" रोहिणीने जाहीर केलं.

"आता त्याची पाळी," धनश्री म्हणाली.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या बाजारदिवशी छगनशेठचं दुकान खच्चून भरलं होतं. वाकचौरे सरांनाही त्यांनी "मासे बघायला या" म्हणून बोलावून घेतलं होतं. योगेशच्या हातात बादली, धनश्रीच्या हातात साबणाची पावडर.

"छगनकाका!" धनश्रीने गोड आवाज काढला. "सुट्टीत काहीतरी सेवा करा असं शाळेत सांगितलंय. तुम्ही आम्हाला शिकवलंत तसे तुमचे फिल्टर धुऊन देऊ का? अगदी फुकट!"

छगनशेठ एका हाताने मासे पकडत होता आणि दुसऱ्या हाताने पिशवीला गाठ मारत होता. तिच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. "करा, करा! फक्त मध्ये लुडबुडू नका!"

झालं! तिघं थेट मोठ्या टाकीपाशी. आत छगनशेठचा लाडका, कपाळावर टेंगूळ असलेला लाल फ्लॉवरहॉर्न मासा ऐटीत फिरत होता. योगेशने टाकीतलंच पाणी बादलीत काढून घेतलं. धनश्रीने फिल्टर उघडला, तो काळा स्पंज उचलला आणि कोपऱ्यातल्या नळाखाली धरला. दुसऱ्या मुठीत साबणाची पावडर घेऊन ती घसा ताणून म्हणाली, "काका, पावडर एवढी पुरे का? का आणखी टाकू?"

छगनशेठने मान वळवली आणि त्याच्या हातातली पिशवीच गळून पडता पडता राहिली.

"अगं ए! थांब! साबण लावू नको! नळ सोडू नको! सगळे मासे मरतील माझे!"

दुकानातली सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

"मरतील?" एक बाई पुढे आल्या. हातात नुकत्याच घेतलेल्या माशांची पिशवी होती. "अहो, मला तर आत्ताच सांगितलंत, दर रविवारी साबणाने धुवा म्हणून!"

"मलापण तेच सांगितलं!" मागून कुणीतरी ओरडलं. "माझे तीनदा मेले!"

"म्हंजी जानूनबुजून का काय शेठ?" एका म्हाताऱ्या आजोबांनी काठी आपटून विचारलं.

छगनशेठ घामाघूम झाला. "तसं न्हाई हो... ते आपलं... धनश्री बाळ, तो स्पंज आधी इकडे दे."

"आधी सांगा, माझे मासे कशामुळे मेले?"

"पाणी... पाणी तयार नव्हतं."

"आणि?"

"आणि साबणामुळे." तो पुटपुटला.

"मोठ्याने! त्या दिवशी कसं मोठ्याने बोलला होतात?"

तिने मूठ स्पंजाच्या अगदी वर नेली. ती पावडर टाकणार होती का? त्या क्षणी तिचं तिलाच माहीत नव्हतं. टाकीतला तो लाल मासा काचेला तोंड लावून तिच्याकडे बघत होता. त्याने काय वाकडं केलं होतं तिचं?

"चूक माझी होती!" छगनशेठ एकदाचा ओरडला. "मी चुकीचं सांगितलं! पोरीच्या हाताचा काही दोष नव्हता!"

बाहेर रस्त्यावरचे भाजीवालेसुद्धा माना वर करून बघायला लागले. धनश्रीने मूठ पावडरच्या पिशवीत रिकामी केली, स्पंज लांब धरून तो हात नळाखाली स्वच्छ धुतला, मग स्पंज बादलीत अलगद दोनदा दाबला आणि जागच्या जागी बसवला. छगनशेठने डोळे मिटून श्वास सोडला.

"वा!" वाकचौरे सर म्हणाले. "वर्गात बेडकाच्या पाठावर जांभया देणारी हीच का दोघं? स्वतःची टाकीसुद्धा तयार केलीत! पोरांनो, मान गये!" आजोबांनी योगेशच्या पाठीत अशी शाबासकी घातली, की तो बादलीतच पडता पडता वाचला.

मघाच्या बाई मात्र हातातल्या पिशवीकडे बघत उभ्या होत्या. आत चार छोटे गप्पी मासे सुळसुळत होते. "माझी टाकी तर कालच भरलीय," त्या म्हणाल्या. "हे बिचारे मरायचे आता. तुझी टाकी तयार आहे ना गं? मग माझी होईपर्यंत तूच सांभाळ. तुझ्या हाताखाली जगतील हे."

धनश्रीने दोन्ही हात पुढे केले.  पिशवी छातीशी धरली, आणि डोळे भरून आले ते तिने या वेळी लपवले नाहीत.

घरी जाताना ती इतकी हळू चालत होती, की योगेश दोनदा पुढे जाऊन परत आला.

"काय मग?" त्याने विचारलं. "गेला का राग?"

धनश्रीने जरा विचार केला.

"अर्धा गेला. अर्धा ठेवलाय," ती म्हणाली. "त्याने परत कुणाला साबण सांगितला, तर लागेल."