लाल पट्ट्यातली तिसरी जागा

हसायचं तर खुशाल हसा. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

गेल्या फेब्रुवारीतली, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, टार्लीचं खोरं. दुपार होती, पण वणव्याच्या धुरामुळे काळोख पडला होता.

ग्वेंडा आमच्या गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची कॅप्टन. जावई ब्रोडी तिच्याच गाडीवर. तिसरा होता म्हातारा नेव्ह. ग्वेंडाची मुलगी, ब्रोडीची बायको टॅमसिन भरल्या दिवसांची होती. निघताना आईला एवढंच म्हणाली, "त्याला परत आण."

त्या सकाळी ते धावपट्टीवर आगीवर पाणी टाकणारी विमानं भरताना बघत उभे होते. पाइपातून आग रोखणारं औषध मिसळलेलं लाल पाणी टाक्यांत घुसत होतं.

"सासूबाई, अंगावर पडलं तर तुम्ही टोमॅटो सॉससारख्या दिसाल," ब्रोडी म्हणाला.

"आधी भोंगा वाजला की आडवा हो. मग जीभ चालव."

भोंगा म्हणजे पाणी टाकण्याआधीचा विमानाचा इशारा. तो वाजला की पालथं पडायचं, एका हाताने हेल्मेट दाबायचं, दुसऱ्याने हाताला लागेल ते घट्ट धरायचं. टनभर पाणी माणसाला उडवून देतं.

दुपारी वारा फिरला. आग तिन्ही बाजूंनी आली. रेडिओ खरखरला... धुरामुळे सगळी विमानं परत फिरली होती.

आणि तेवढ्यात...

भोंगा वाजला.

अगदी डोक्यावर.

"आडवे व्हा!" ग्वेंडा ओरडली. नेव्ह पडला. तीही पडली.

"अहो, विमानं गेलीत परत!" मागून ब्रोडीचा आवाज आला. "गाडीत चला!"

"ब्रोडी, आडवा हो!"



ती उठणार, इतक्यात तिच्या उजव्या हातात एक हात आला. हातमोजा घातलेला. त्याने घट्ट पकडलं.

आला बाबा एकदाचा, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला. तिने पुन्हा हाक मारली नाही.

मग पाठीवर पाण्याचा दणका बसला. वरून आग गरजत गेली.

आणि सगळं शांत झालं...

विमानाचा आवाज मात्र आलाच नव्हता. ना येताना, ना जाताना.

ग्वेंडा उठली. भोवती जमिनीवर लाल पट्टा पडला होता. त्याच्या बाहेर सगळी राख. पट्ट्यात, जिथे माणसं पडली होती, तिथे तेवढं गवत कोरडं राहिलं होतं. माणसाच्या आकाराचं.

एक नेव्हचं. एक तिचं.

आणि तिच्या उजवीकडे तिसरं. एक हात तिच्याकडे लांबवलेलं.

तिथे कुणीच नव्हतं.

ब्रोडी गाडीत सापडला. पट्ट्याच्या बाहेर. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. डावा हातमोजा तेवढा जळला नव्हता. तो लाल होता.

ओला.

सगळ्या वैमानिकांनी सांगितलं, त्या खोऱ्यात कुणीही पाणी टाकलं नाही.

टॅमसिनला मुलगी झाली. तिने आईला एकदाच विचारलं, "आई, तू त्याला परत हाक का नाही मारलीस?"

ग्वेंडा काय सांगणार? तो हात तिला वाचवायला आला होता, की ब्रोडीपर्यंत जाऊ न द्यायला, हे तिलाच कळलेलं नाही. मलाही नाही.

उत्तरेचा गरम वारा सुटला की तिची उजवी मूठ आपोआप आवळते. आत काहीतरी असल्यासारखी.

ती उघडून बघत नाही.