बारवेला दिलेला पत्ता

कंदिलाची वात जरा वर करा, म्हणजे मला तुमचे चेहरे दिसतील. कोण हसतंय ते कळलेलं बरं. ही गोष्ट सांगताना लोक हसतातच, मीसुद्धा हसते. फक्त हसताना माझा डावा हात कुठे आहे, तेवढं बघून घेते.

एकोणसाठ सालचा पौष. आमचं बिऱ्हाड मारेगावला. हे शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि मी घरी, काळजी करायला. मास्तरणीचं नॉर्मल स्कूल पास झालेली बाई काळजीसुद्धा पद्धतशीर करते. आमची तानी दीड वर्षाची झाली होती आणि चालत नव्हती. रांगायची, अखंड बडबडायची, वरणाचं पातेलं अंगावर ओढून घ्यायची. पण उभी केली की पाय दुमडायची, जणू जमिनीशी तिची ओळखच करून दिलेली नाही. शेजारच्या खैरुनबी म्हणायच्या, "भाभी, फिकर मत करो. मेरी रौशन तो दस महिने में दौडती थी." हे त्या मला धीर द्यायला सांगायच्या! मी रोज तानीचे पाय तिळाच्या तेलानं चोळायची आणि मनात धरून चालायची, की माझ्याच हातून काहीतरी राहिलंय.

अशात ह्यांना कुणी सांगितलं, मुकुटबनच्या पुढे रानात लमाणांनी बांधलेली एक जुनी बारव आहे. सहली जायच्या त्या कळंबच्या चिंतामणीला. इकडे गुराख्याशिवाय कोणी फिरकत नव्हतं. ह्यांना तिचं चित्र काढायचं होतं. "तुम्ही दोघीही चला, हवापालट होईल," म्हणाले. एस.टी.नं मुकुटबन गाठलं, पुढे तांड्यावरच्या नेमसिंगची बैलबंडी. बारवेची वाट त्याच्या आईला, रुपीबाईला, पक्की ठाऊक, म्हणून तीही बसली. कोपरापर्यंत पांढरे चुडे, कपाळावर आरसे, आणि तोंड घरून निघाल्यापासून सुरू.

"लेक चालत नाई काहून?" तिनं बसल्याबरोबर विचारलं.

"चालेल हळूहळू," मी म्हटलं. दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की ते माझं आडनाव झालं होतं.

बारव वरून दिसतच नाही. तुरीचं शेत संपतं, सागाची वाळकी पानं पायाखाली वाजतात, आणि एकाएकी जमीन आत उतरते. काळा घडीव दगड, खाली खाली जाणाऱ्या पायऱ्या, अर्ध्यावर एक कमान, कमानीवर पाठीवर गोणी घेतलेला कोरीव बैल. तळाशी पाणी, हिरवं आणि अगदी गप्प. वर हिवाळ्याचं लख्ख ऊन, पण तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की गारवा घोट्याला धरायचा. शेवाळाचा, वाघळांचा, ओल्या दगडाचा वास.

"अगं, हे बघ!" हे लहान मुलासारखे ओरडले. मोठ्या पायऱ्यांना लागून, भिंतीच्या कडेनं, दुसरी एक ओळ होती. वीतभर उंचीच्या, अरुंद, इवल्या इवल्या पायऱ्या, थेट पाण्यापर्यंत. "असं मी कुठेच पाहिलं नाही. हे कशासाठी असेल?"

"लेकराइसाठी," रुपीबाई म्हणाली. "तांडा इथं तळ टाके. बायाइच्या दोन्ही हाती घागरी. मंग लेकरू कोण उचलन?"

हे वर जाऊन चित्राला बसले. नेमसिंग बैलांना चारा घालायला गेला. मी कमानीखाली सतरंजी घातली, तानीला बसवलं आणि संत्रं सोलायला घेतलं. चालता न येणाऱ्या मुलीचा एक फायदा असतो: ठेवली तिथेच सापडते.

संत्र्याची साल अर्धी निघाली असेल. तेवढ्यात मला जाणवलं, पारवे घुमायचे थांबलेत. रुपीबाईचं बोलणंही थांबलं होतं, आणि हे जास्त भीतीचं होतं. मी मागे वळले. सतरंजी रिकामी.

"तानी..."

आवाज पाण्यापर्यंत गेला आणि परत आलाच नाही. मग खालून वाळ्यांचा आवाज आला. छुन्... थांबला. छुन्...

मी वाकून पाहिलं. तानी त्या इवल्या पायऱ्यांवर होती. वर येत होती. चालत! एक पाऊल, मग दुसरं, चेहरा सणासुदीचा. उजवा हात कानापाशी वर धरलेला, मूठ मिटलेली... जसं लेकरू कुणाचं तरी बोट धरतं. तिच्या शेजारच्या मोठ्या पायरीवर कोणी नव्हतं. फक्त तिथे, प्रत्येक पायरीवर, पाण्याचे चार थेंब होते.

"हाका नोका मारू..." रुपीबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "येऊ द्या. आपलं आपण येऊ द्या."

तानी वर आली, माझ्या मांडीवर आपटली आणि म्हणाली, "चाल्ली."

आता मी काय करायला हवं होतं? किंचाळायला. मी तिला उराशी धरून हसत सुटले, रडत सुटले, अर्धं संत्रं पदराला पुसलं गेलं. हे धावत आले, तिला पुन्हा उभी केली, आणि ती चालली, हात वर धरूनच. "बघ, तोल सांभाळते आहे," हे म्हणाले. मी थेंब दाखवायला वळले, तर दगड वाळला होता.

निघताना रुपीबाई मागे थांबली. बारवेकडे तोंड करून तिनं घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "तू येथीच राय. आमी जाऊन राह्यलो." आणि मला म्हणाली, "तळ सोडताना शेवटची बाई असं सांगते. नाई तं जागा मांगं लागते."

मला ते फार उद्धट वाटलं. ज्या जागेनं माझी पोर चालती केली, तिला असं तोंडावर सांगायचं? माझ्या आईनं मला शिकवलंय, कुणाचा उंबरा सोडताना 'येते' म्हणावं, आणि समोरच्याला बोलवावं. जिभेला सवयच ती. मी तानीला कडेवर घेऊन मागे वळले आणि उत्साहानं म्हटलं, "येतो हं आम्ही. फार बरं वाटलं. तुम्हीपण या ना एकदा मारेगावला. बसस्टँडच्या मागे, अंगणात निंब असलेलं घर. मास्तरांचं म्हटलं की कोणीही दाखवेल."

रुपीबाईचे चुडे वाजायचे थांबले.

"बाई... हे काय केलं तुमी?"

"का? काय झालं?"

ती बंडीत चढली, बसली, आणि मग हळूच एका बाजूला सरकली. माझ्या नि तिच्यामध्ये जागा करून. मुकुटबन येईपर्यंत ती जागा तिनं तशीच रिकामी ठेवली.

घरी आल्यावर आठ दिवस आनंदाचे होते. मी गल्लीभर साखर वाटली. तानी दिवसभर चालायची, या दारातून त्या दारात, हात कानापाशी वर. खैरुनबींनी साखर तोंडात टाकली, बघत राहिल्या, आणि विचारलं, "भाभी... ये किस का हाथ पकड के चलती है?"

त्या रात्रीपासून माझी झोप गेली. पूर्वी पोर चालत नाही म्हणून जात होती. आता ती कुणाबरोबर चालते म्हणून. ती एक दिवस चालत कुठे निघून जाईल, हा विचार डोक्यातून हलेना. मी दाराला वरची कडी बसवून घेतली. चांगली शिकलेली बाई, आणि खडीसाखर घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात म्हणायची, "आता निघा हं तुम्ही. बराच मुक्काम झाला." पण बोलावलेल्या पाहुण्याला जा म्हणायचं कसं, हे नॉर्मल स्कूलमध्ये शिकवत नाहीत.

शेवटी बाजाराच्या दिवशी रुपीबाई भेटली. मी तिला गाठलं.

"आहे ना घरी?" तिनंच विचारलं.

"कोण आहे ती?"

"एक छोरी राहे तांड्यात, लई जुनी गोष्ट. मायबाप नाई. बाया पाणी भरत, तवा ते लेकराइले बोट धरून पायऱ्या चढवे, उतरवे. एवढीशी." तिनं कमरेपाशी हात धरून दाखवलं. "एक दिवस तांडा घाईनं निघाला. सगळ्याइनं आपापली लेकरं मोजली. ते कोणाचीच नोती."

मी भाजी न घेताच घरी आले. त्या दिवसापासून वरची कडी लावली नाही.

हे दर पाडव्याला भिंतीवर पेन्सिलनं तानीची उंची मांडतात. पेशाची खोड म्हणून ते तिच्या वर धरलेल्या मुठीचीही खूण करायचे. तानी वाढत गेली. पहिल्या वर्षी कानापाशी असलेली मूठ पुढे खांद्याशी आली, मग कोपराशी, मग त्याहूनही खाली, मोठ्या बहिणीनं धाकटीला धरावं तशी. भिंतीवर उंचीच्या रेघा चढत गेल्या आणि मुठीच्या साऱ्या रेघा एकाच जागी बसल्या. ह्यांनी ते पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली, आणि "तोल" हा शब्द पुन्हा काढला नाही.

या जूनमध्ये तानीला पहिलीत घातलं. दप्तर खांद्याला लावून ती दारात थांबली.

"आई, शाळेत तिचं नाव नाही घातलं ना? मग दिवसभर तिला कोण धरील?"

मी पोळी तव्यावरच सोडली. पत्ता मी दिलेला, आणि पाहुणचार इतकी वर्षं माझ्या पोरीनं केलेला. मी पदराला हात पुसले आणि डावा हात खाली सोडला. थोडा वेळ काहीच नाही. पोळी करपल्याचा वास. त्यात हळूहळू दुसरा वास मिसळला, ओल्या दगडाचा... आणि माझ्या करंगळीभोवती काहीतरी मिटलं. गार. अगदी लहान.

तानी दोन्ही हात मोकळे हलवत, उड्या मारत शाळेत गेली. एकदाही मागे न बघता.

तेव्हापासून ती माझ्याजवळ आहे. गुणाची आहे हो, त्रास म्हणून नाही. मी भाकरी थापते तेव्हा पदर धरते. फक्त पायऱ्या दिसल्या की तिला धीर निघत नाही. दवाखान्याच्या असोत की पोस्टाच्या, पुढे होते आणि खाली ओढते. जुनी सवय, मी समजून घेते.

पण कालपासून ती मला अंगणात ओढते आहे, निंबाखाली, खाली, खाली. आणि आमच्या अंगणात पायऱ्या नाहीत.