पोटावरचा हात

आमच्या इस्पितळात दुर्बिणीने पोट तपासायच्या खोलीत सिस्टरला एक काम हमखास असतं, पोट दाबायचं. दुर्बीण आतड्याच्या वळणावर अडली की डॉक्टर म्हणतात, "दाबा," आणि आपण बाहेरून तळहाताने आधार द्यायचा. पडद्यावर आतड्याची भिंत तेवढी आत आलेली दिसते. त्याआधी हायोसिनचं इंजेक्शन. त्याने आतडं सैल पडतं, वळवळ थांबते, नीट बघता येतं.

त्या सकाळी टेबलावर माझाच धाकटा भाऊ होता, बारक्या. महिनाभर पोटात कळा येत होत्या. "ताई, कुणीतरी मुठीत धरून पिळतंय गं," म्हणायचा. मी म्हणायचे, "पुरे तुझी नाटकं, वेळेवर जेवत जा." पण पोरगा पार वाळून गेला होता, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

इंजेक्शन मीच दिलं. गुंगीच्या औषधाने तो पेंगुळला. पडद्यावर आतडं निपचित पडलं.

मग एका जागी भिंत आत आली.

"सिस्टर, आत्ता दाबू नका."

"मी कुठे दाबतेय, डॉक्टर?"

त्यांनी मान वळवून पाहिलं. माझे दोन्ही हात ट्रेवर होते.

पडद्यावर शेजारी आणखी तीन उंचवटे आले. चारही एका ओळीत. ते आवळले गेले, तसा बारक्या गुंगीतच कण्हला.

"कळ असेल," डॉक्टर म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. "अजून थोडं द्या."

दिलं. उंचवटे सावकाश सुटले आणि वर सरकले, वळणापलीकडे. मी झटकन पुढे होऊन त्याच्या पोटावर दोन्ही हात पसरले. अडवणार तरी कुणाला? हाताला फक्त त्याचं पोट लागत होतं.

तपासणीत काही निघालं नाही. त्याच औषधाच्या गोळ्या लिहून मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी स्वारी खाटेवर हसत बसली होती. "ताई, पोट एकदम शांत झालं बघ! घशाशीच जरा आवळल्यासारखं होतंय."

मी डॉक्टरांना फोन लावला. "या औषधाने घसा सुकतोच," ते म्हणाले. "पाणी पाजा."

पाजलं. घोट खाली उतरलाच नाही, ओठांतून परत आला. त्याला बोलता येईना. तो गळ्याकडे बोट दाखवू लागला.

मी त्याची कॉलर बाजूला केली.

मानेच्या एका बाजूला कातडीत चार खळगे पडले होते, एका ओळीत. मी ती बोटं उचकटायला गेले. माझी नखं त्याच्याच मानेवर ओरखडली. तिथे दुसरं काहीच नव्हतं.

माझ्या डोळ्यांदेखत पलीकडच्या बाजूला पाचवा खळगा पडला.